बर्फाच्या फुलाला पाकळ्या सहाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीतले सण जवळ आले की बालपुरवण्यांमध्ये भिंतीवरच्या सजावटीच्या कृती येऊ लागतात. कागदी बर्फाची फुलं, रंगीत माळा, हिरव्या पानांची कडी. फोटो सुरेख असतात. पण कृती समोर ठेवून चार वर्षांच्या मुलाला घेऊन बसलं, की दहाव्या मिनिटाला कातर मोठ्यांच्या हातात गेलेली असते आणि मूल शेजारी बसून बघत असतं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कागद किती जाड, घड्या किती, कोणत्या वयाला काय झेपतं, हे कृतीत लिहिलेलंच नसतं. लहान मुलांचं कागदकाम घेणाऱ्या आम्हा शिक्षिकांची विनंती आहे की एवढा तपशील आवर्जून छापावा. नमुन्यादाखल काही इथे देत आहोत.

बर्फाच्या फुलापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुकतं तेच. चौकोनी कागदाची अर्धी, पाव, मग तिरकी घडी घालायला सांगतात आणि फूल आठ पाकळ्यांचं होतं. खरा हिमस्फटिक षटकोनी असतो. गोठताना पाण्याचे रेणू सहा कोनांच्या जाळीत बसतात, म्हणून फांद्या सहा फुटतात. सहाच का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्येच मांडला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये शेती करणाऱ्या विल्सन बेंटलीने १८८५ मध्ये हिमस्फटिकाचा पहिला सूक्ष्मदर्शी फोटो काढला, आणि पुढे आयुष्यभरात असे पाच हजारांवर फोटो काढले. मुलांना त्यातले दोन-तीन फोटो आधी दाखवावेत. पाकळ्या मोजायला त्यांना फार आवडतं, आणि मग आठ पाकळ्यांचं फूल ती स्वतःच नापास करतात.

सहा पाकळ्यांसाठी गोल कागद घ्यावा, २० सेंमी व्यासाचा. मधोमध दुमडून अर्धगोल करावा आणि सरळ बाजू खाली ठेवावी. आता हे अर्धं घड्याळ समजायचं: डावं टोक नऊ, उजवं टोक तीन, वर बारा. एक आणि अकरा यांच्या जागी पेन्सिलीने टिंब द्यावं. तीनचं टोक उचलून अकरावर आणायचं, मग नऊचं टोक एकवर. तीन समान भागांचा कोन तयार होतो. नुसत्या अंदाजाने तीन भाग करायला गेलं की एक पाकळी हमखास बारीक होते; दोन टिंबांनी ते टळतं.

या कोनात कागदाचे सहा थर असतात. तो पुन्हा मधोमध दुमडला की बारा. साध्या छपाईच्या ८० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) कागदाचे बारा थर म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी, आणि ती मुलांच्या बोथट टोकाच्या कातरीला कापत नाही. कातर थर चिरडते, कागद पात्यांमध्ये अडकतो, मूल मनगट वाकवून जोर लावतं आणि शेवटी रडकुंडीला येतं. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलांना पतंगाचा पातळ कागद द्यावा, किंवा घडी सहा थरांवरच थांबवावी. सहा थरांवर थांबलात तर एक लक्षात ठेवा: एकाच कडेवर कापलं तर उघडल्यावर सहाऐवजी तीनच भोकं दिसतात. दोन्ही कडांवर सारख्याच उंचीवर कापायला सांगावं. बारा थरांच्या घडीत ही अडचण येत नाही.

कापताना दोन तिरके काप एकमेकांना भेटले की त्रिकोण गळून पडतो, एवढंच मुलाला दाखवावं. दोन कापांच्या मध्ये निदान १ सेंमी जागा शिल्लक हवी. समोरासमोरच्या कडांवरून आलेले काप मधे मिळाले, तर फुलाचा बाहेरचा भाग सुटून वेगळा होतो. अर्धं काम झाल्यावर घडी खिडकीसमोर धरावी, किती कागद उरला ते मुलाला दिसतं. उघडताना टोकांना धरून ओढू नये, मधल्या भागाला आधार देत एकेक घडी सोडावी. मग रात्रभर जाड पुस्तकात.

चिकटवताना गोंदाचा एकच ठिपका, मध्यभागी. सगळीकडे ओला गोंद लावला की कागद पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना सुरकुततो. ठिपका लावला तर पाकळ्या किंचित उचललेल्या राहतात आणि त्यांची सावली पडते. भिंत पांढरी असेल तर मागे गडद निळं कार्डशीट हवं, नाहीतर एवढ्या खटपटीचं काही दिसतच नाही.

तीन वर्षांच्या मुलांना कातरीचं काम नको. त्यांना पांढऱ्या मेणखडूने जाड कागदावर (२०० जीएसएमच्या आसपास, त्याहून पातळ कागद ओला झाला की लाटांसारखा वाकतो) हवं ते रेखाटू द्यावं आणि वरून पाणीदार निळा रंग फिरवायला द्यावा. मेणावर पाणी टिकत नाही, त्यामुळे रेघा पांढऱ्याच राहतात. खडू दाबूनच फिरवायला हवा. रंग ओला असतानाच जाडं मीठ भुरभुरलं तर प्रत्येक खड्याभोवती फिकट चांदणी उमटते, कारण मीठ भोवतालचं पाणी ओढून घेतं. वेळ मात्र साधावी लागते. कागदावर पाण्याचं तळं असेल तर मीठ विरघळून जातं, रंग सुकला असेल तर काहीच होत नाही. रंग चकाकतोय पण वाहत नाही, तो क्षण नेमका. सुकल्यावर सगळं मीठ झटकावं, नाहीतर दमट हवेत कागद पुन्हा ओलसर होतो. या वयाची मुलं मीठ तोंडात घालतात, तेव्हा वाटी मोठ्यांच्या हातात असू द्यावी.

माळेचं गणित सोपं आहे. ए-फोर कागदाच्या २१ सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद अशा अकरा पट्ट्या निघतात. दोन सेंमी एकावर एक चिकटवलं की सुमारे ६ सेंमीची कडी होते; दोन कागदांत मीटरभर माळ. पातळ गोंदाने कडी पुन्हा पुन्हा उघडते, त्यापेक्षा गोंदाची कांडी वापरावी आणि मुलाने चिमटीत धरून दहा अंक मोजावेत. स्टेपलर नकोच.

हिरव्या पानांच्या गोल कड्यासाठी जाड पुठ्ठ्याची रिंग, बाहेरून ३० आणि आतून २० सेंमी. त्यावर मुलांचे पंजे कार्डशीटवर गिरवून कापलेले, साधारण वीस. गोंद फक्त तळव्याला लावावा, बोटं मोकळी सोडून पेन्सिलीवर किंचित गुंडाळावीत. पानं दिसतात ती त्यामुळेच.

चमकी (ग्लिटर) आम्ही वापरत नाही आणि ती छापूही नये असं आम्हाला मनापासून वाटतं. कण डोळ्यांत जातात, आणि बहुतेक चमकी म्हणजे बारीक प्लॅस्टिकच. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर बंदी आणली आहे. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ मणी, चिकटवायचे डोळे, छोटे पोमपोम नकोत. सव्वातीन सेंमीच्या भोकातून जी वस्तू आत जाते, ती घशातही अडकू शकते. छोट्या दिव्यांच्या माळेत बटण सेल (बटणासारखा चपटा, गोल सेल) असेल तर त्याचं झाकण स्क्रूचंच हवं. असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय गाठावं.

राहिलं भिंतीवर लावणं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. कागदाला मास्किंग टेप पुरेशी आहे. खिडकीच्या काचेवर थंडीत सकाळी आतून दव धरतं आणि कागद गळून पडतो, म्हणून काच टाळावी. मुलांची चित्रं जमिनीपासून सुमारे ९० सेंमीवर लावावीत, चार वर्षांच्या मुलाची नजर तिथेच असते. माळा मात्र मुलांच्या हाताबाहेर, वर, दोन्ही टोकं पक्की बांधून, आणि मेणबत्ती, हीटर, दिवा यांच्यापासून दूर.

आपल्या,
बालवर्गात हस्तकला घेणाऱ्या शिक्षिका