मातीच्या संदेशात मत्तय २५ का नसतं?

मा. संपादक,

आमच्या ख्रिस्ती समाजात मातीच्या (दफनाच्या) वेळी जो संदेश देतात त्याबद्दल लिहितोय. पेटी समोर असते, घरचे रडत असतात आणि पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, बायबलमधलं इब्री ९:२७ काढतात, माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय, आणि तिथून थेट उपासना चुकवू नका, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) द्या, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुढाऱ्यांचं ऐका यावर येतात. न्याय होणार हे मी अगदी मनापासून मानतो. पण त्या दिवशी काय विचारणार ते येशूनेच मत्तयच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायात, सांगितलंय ना? भुकेल्याला खायला दिलं का, तहानेल्याला पाणी, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडे, आजारी नि तुरुंगातल्या माणसाला भेटलात का. दशांशाचा प्रश्न त्यात नाहीये!

येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, लूक १६ मधला श्रीमंत बघा, जांभळे कपडे, रोजची मेजवानी, त्याने गरीब लाजाराला मारलं नाही की हाकललं नाही, नुसतं दारात पडू दिलं, कुत्री येऊन त्याचे फोड चाटायची. आणि मेल्यावर आगीतून अब्राहामाला म्हणतो लाजाराला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करू दे. म्हणजे नाव माहीत होतं त्याला. हे वाचलं की मला दरवेळी धस्स होतं.

तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, कर्माने नाही, असं कोणी म्हणेल. बरोबरच आहे, प्रेषित पौलाने इफिसकरांना पत्रात तेच लिहिलंय, आणि १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमधे कॅथलिक आणि लूथरन चर्चनी मिळून त्यावर सह्या पण केल्या. पण सत्कर्मं त्या कृपेचं फळ आहेत हेही त्याच कागदात आहे, आणि बायबलमधला याकोब तर सरळ म्हणतो कृतीशिवाय विश्वास मेलेला.

पंडिता रमाबाईंचं घ्या. चर्चच्या मोठ्या लोकांशी त्यांनी पत्रातून खूप वाद घातले, ऐकून घेणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच, पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका त्यांनी आणल्या आणि केडगावला सांभाळल्या. मला तरी खरं आज्ञापालन हेच वाटतं.

येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरस्तानात गर्दी होईल, फुलं, मेणबत्त्या सगळं असेल. त्या दिवशी तरी पाळक आणि फादर मंडळींनी मत्तय २५, ३१ ते ४६ पूर्ण वाचावं, आणि जेलमधे भेटीला कोण कोण येणार त्यांची नावं तिथेच लिहून घ्यावीत. आमच्या मंडळीपुरते जेलभेटीच्या परवानगीचे अर्ज मी करायला तयार आहे.

एक वाचक, पुणे