मिठाचा हिशेब : तिरुपूरला नोकरीस लागलेल्या मुलीस पत्र

इचलकरंजी

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. खोली, जेवण आणि पगार यांविषयी आईचे जे प्रश्न आहेत त्यांची उत्तरे तू तिलाच फोनवर दे. मी तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो. तिरुपूरच्या डाईंगमधून, म्हणजे रंगाई कारखान्यांतून, सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडता येत नाही, मग आपल्या पंचगंगेची ही गत का, असे तू विचारले आहेस, आणि प्रश्नात थोडा रागही आहे. राग योग्यच आहे. मात्र तिथे जे यंत्र बसले आहे तेच इथे आणून बसवले की काम झाले, असे तुझ्या मनात असेल तर त्याआधी मिठाचा हिशेब नीट पाहून घे.

तुला हे शिकवावे लागणार नाही, तरी एकदा आकडे मांडू. जिगरवर, म्हणजे कापड रंगवण्याच्या यंत्रावर, शंभर किलो सुती कापड घेतले आणि किलोला पाच लिटर पाणी धरले, तर रंगाच्या पाण्याचा बाथ पाचशे लिटरचा होतो. मध्यम ते गडद शेडला, म्हणजे रंगछटेला, लिटरमागे साठ ग्रॅम मीठ धर. म्हणजे तीस किलो मीठ. रिऍक्टिव्ह रंगाला धाग्याकडे ढकलण्यापुरतेच त्या मिठाचे काम असते, त्यामुळे त्यातला कणही कापडात राहत नाही आणि तीसचे तीस किलो मोरीत जाते. त्याबरोबर सोडा ॲश जाते आणि धाग्याला न चिकटलेला वीस-तीस टक्के रंगही जातो. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याच्यावर ओरडतात, आणि ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या संयंत्रात, चुना-फेरस घालून मालकही तोच आधी काढतात. मीठ मात्र दिसत नाही. हवा सोडण्याच्या एरेशन टाकीतले जिवाणू कापडातून सुटलेली खळ खातात, मीठ खात नाहीत. शेवटी पाणी स्वच्छ दिसते, त्याला वासही नसतो, आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मात्र नदीत सोडण्यासाठी घालून दिलेल्या लिटरमागे २१०० मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे असतो. अशा वेळी त्यात बोअरचे पाणी मिसळून नमुना ‘पास’ करून घेण्याची युक्ती या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. तिला प्रक्रिया म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

तिरुपूर या मिठापायीच अडले. तिथल्या नोय्यल नदीवर १९९२ मध्ये ओरत्तुपाळयम धरण बांधले ते शेतीसाठी, पण त्यात साठले ते वरच्या डाईंगचे पाणी. ते सोडले की खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी खारावायच्या, म्हणून शेवटी शेतकरीच कोर्टात गेले. बरीच वर्षे मुदती, दंड आणि हमीपत्रे यांत गेली. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा शून्य विसर्ग साधेपर्यंत सगळे डाईंग आणि ब्लीचिंग कारखाने बंद ठेवण्याचा आदेश दिला. ते सातशेहून अधिक होते. पुढे सरकारने बिनव्याजी कर्ज दिले आणि सांडपाण्याची सामूहिक केंद्रे नव्या रचनेने उभी राहिली. पडद्यातून पाणी गाळून मीठ मागे ठेवणारे आर. ओ. त्याआधीही बाजारात मिळत होते आणि बाष्पीभवनाची यंत्रेही मिळत होती, पण ती घेणारा एकटा पडत असे. एकाच दिवशी सगळ्यांचे शटर खाली आल्यामुळे शेजाऱ्याहून स्वस्तात माल काढण्याची सोयच कोणाला उरली नाही. माझ्या मते तिरुपूरला यंत्रापेक्षा या समान सक्तीने सुधारले.

आता तू जिथे उभी आहेस तिथेही मागच्या बाजूला जाऊन पाहा. आर. ओ. मधून नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी परत मिळते हे खरे, परंतु उरलेल्या दाट पाण्याची वाफ करायला बॉयलर लागतो आणि बॉयलरला लाकूड किंवा कोळसा लागतो. जे ग्लॉबर मीठ (सोडियम सल्फेट) स्वच्छ निघते ते पुन्हा बाथमध्ये जाते; जे मिश्र मीठ निघते त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते पोत्यांत भरून छपराखाली रचलेले असते. नदी वाचली हे मी कमी लेखत नाही. तरीही मीठ नाहीसे झालेले नसून त्याची जागा बदलली आहे, एवढे लक्षात ठेव.

आपल्याकडचे दुखणे अधिक गुंतागुंतीचे आहे. पंचगंगेला एकट्या प्रोसेसवाल्यांनी, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्यांनी, बिघडवलेले नाही. कोल्हापूरच्या जयंती नाल्यापासून गावोगावचे मैलापाणी तिच्यात येते, साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आहेत, आणि शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनींत उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याचा वाटा मोठा आहे. पण या यादीचा आडोसा करून आपल्या काळ्या ओढ्याकडे पाठ फिरवता येत नाही. नदीवर केंदाळ साचते, तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो, की मग नमुने घेण्याची धावपळ सुरू होते. २०१२ च्या काविळीच्या साथीत शहराने माणसे गमावली, ती तर थेट मैलापाण्याची देणगी होती. आणि नदीकाठचे हे शहर प्यायला कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणते, मग वारणेचे मागते, मग दूधगंगेचे मागते. वारणाकाठच्या दानोळीचे लोक आणि दूधगंगाकाठचे लोक विरोधाला उभे राहिले तेव्हा इथे त्यांना स्वार्थी म्हटले गेले. स्वतःच्या दारातली नदी खराब करून दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगणाऱ्याला ते लोक दुसरे काय उत्तर देणार होते?

एका प्रोसेसमध्ये, नाव लिहीत नाही, ईटीपी उत्तम होता. पण त्यात हवा सोडणारा ब्लोअर चालायचा तो तपासणीच्या सुमारास, कारण त्याचे विजेचे बिल कापडाच्या मीटरमागे मिळणाऱ्या दरात बसत नसे. पावसाळ्याच्या रात्री सांडपाणी तसेच सोडून देणारा व्हॉल्व्ह उघडायला मात्र वीज लागत नाही. अशा जागी चांगला मालकही हताश होतो, कारण जॉबवर्कचा दर व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा ठरवतो आणि बाकीच्यांना त्याच दरात काम करावे लागते. तुमच्या तिरुपूरच्या निर्यातीत परदेशी गिऱ्हाईक ऑडिटला माणूस पाठवते. आपले पॉपलीन घेणारा व्यापारी फक्त शेड आणि उधारीची मुदत विचारतो.

म्हणून मला वाटते की आपण शेपटाकडून न धरता तोंडाकडून सुरुवात करावी. सुती कापडाच्या प्रोसेसिंगमधील बीओडीचा, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाणाऱ्या घाणीचा, निम्म्याच्या आसपास भार डीसायझिंगमध्ये, म्हणजे खळ धुऊन काढताना, सुटणाऱ्या खळीचा असतो. ती खळ विणण्याआधी सुताला लावतो सायझिंगवाला, धुऊन काढतो प्रोसेसवाला. दोघांचे मालक वेगळे, कारखाने वेगळे आणि बिलेही वेगळी. त्यामुळे कमी खळीत ताणा, म्हणजे उभे सूत, टिकेल अशी पाककृती शोधण्यात सायझिंगवाल्याचा काडीचा फायदा नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचे काम कोणतेही यंत्र करणार नाही. मर्सरायझिंगमध्ये कापडाला चकाकीसाठी कॉस्टिक सोडा देतात; त्याच्या धुण्यातला कॉस्टिक आटवून पुन्हा वापरणे मात्र सरळ पैशाचे काम आहे, आणि धुण्याच्या टाक्यांत पाणी कापडाच्या उलट दिशेने फिरवले तर त्याच पाण्यात दोन-तीन वेळा धुणे निघते. या गोष्टींना अनुदानाची वाट पाहावी लागू नये.

आणि मिठापुरते पाहिले तर आपले मागावर विणलेले कापड सुदैवी आहे. कोल्ड पॅड बॅच या रंगवण्याच्या पद्धतीत मीठ लागतच नाही. कापड रंग आणि अल्कलीत बुडवून पिळायचे, बॅचला प्लॅस्टिक गुंडाळायचे आणि आठ-बारा तास, कधी अधिक, गार जागी फिरवत ठेवायचे. रंग अधिक चिकटतो, पाणी कमी लागते, वाफ तर फक्त धुण्यापुरती. मग सगळे हेच का करत नाहीत? जिगरवर मास्तर मध्येच कापडाची पट्टी काढतो, उजेडात धरतो, चिमूटभर लाल टाकतो आणि शेड मारतो. पॅड बॅचमध्ये तो जुगार दुसऱ्या दिवशी धुतल्यावर कळतो. मे महिन्याच्या आणि जुलैच्या हवेत फरक पडतो, लॉट लहान असला तर सुरुवातीचे मीटर वाया जातात. आपल्याकडे लॉट लहान आणि मास्तर जुने. प्रयोगशाळेतले माप आणि कारखान्यातले माप तंतोतंत जुळवणारी तुझ्यासारखी माणसे तिथे हवीत. निटवेअरला, म्हणजे तुमच्या होजिअरीच्या कापडाला, हा मार्ग तितका सोपा नाही, म्हणून तुमचे मालक त्याकडे फारसे पाहत नसतील; आपण पाहायला हवे.

एक गोष्ट घाईत सांगतो. इथे प्रोसेस बंद पाडून प्रदूषण कमी झाले असे कोणी म्हणाले तर त्याला विचार, कोरे कापड रंगवायला कुठे गेले. ते राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याला गेले असेल तर बांडी आणि लुणी या नद्यांकाठच्या शेतकऱ्यांनी ते भोगले, इतकेच.

तुझ्याकडून मला दोन माहित्या हव्या आहेत. तुमच्या केंद्रातून परत येणाऱ्या मिठाच्या पाण्याची हार्डनेस, म्हणजे कठीणपणा, किती राहते, आणि त्यावर फिरोजी, म्हणजे टर्क्वाइज, शेड एकसारखी येते का. कारण पहिला गोंधळ तीच शेड करते. दुसरे, मिश्र मिठाच्या पोत्यांचे तुमच्याकडे शेवटी काय करतात हे कागदावर काय लिहिले आहे ते आणि प्रत्यक्षात काय होते ते, दोन्ही पाहून लिही. व्यवस्थापनाची परवानगी असेल तेवढेच पाठव. इथल्या दोन-तीन मालकांशी बोलणे चालू आहे, आणि त्यांच्यासमोर तिरुपूरचे कौतुक ठेवण्यापेक्षा आकडे ठेवलेले बरे.

तुझे बाबा