लुपरकालिया म्हणजे प्रेमदिन नव्हे

‘व्हॅलेंटाइन डे’चे मूळ रोमच्या लुपरकालियात, असे दर फेब्रुवारीत छापून येते. तो सण १५ तारखेचा. पॅलाटाइन टेकडीच्या पायथ्याशी शेळ्या आणि कुत्रा बळी देत. रक्ताळलेली सुरी दोन तरुणांच्या कपाळाला टेकवत, दुधात भिजवलेल्या लोकरीने डाग पुसत आणि मग त्या दोघांनी हसायचेच! पुढे कातड्याच्या वाद्या घेऊन धावाधाव, वाटेतल्या बायकांना फटके; त्याने मूल होते, ही समजूत. यात प्रेमिक कुठे? चिठ्ठ्या काढून जोड्या जुळवल्याची गोष्ट तर कुठल्याच रोमन लेखकाकडे नाही. पाचव्या शतकाअखेर पोप गेलासियस यांनी सणावर कोरडे ओढले, बदली प्रेमदिन नेमला नाही. संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाला प्रेम चिकटले ते १४व्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या कवितेतल्या पक्ष्यांनी त्या दिवशी जोडीदार निवडले तेव्हा.

— एक वाचक, पुणे