दहा नंबर की अकरा

नाशिक, ९ नोव्हेंबर

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

तुझी मापं मिळाली. स्वेटरची मापं एक्सेलमध्ये पाठवणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. बाबांनी छापून आणून फ्रीजवर लावली आहेत. उंची, खांदा, मुंढा, सगळं नीट आहे. फक्त छाती ३७ लिहिली आहेस. टेप फार ओढून धरला होतास का? जाताना शर्ट शिवले तेव्हा ४० होती, माझ्या वहीत आहे. असो. स्वेटरचं बोलते.

डिझाइन पाहून आधी रागच आला. मागच्या वर्षीचा निळा, पूर्ण बाह्यांचा, वेण्यांचा, दोन महिने डोळे फोडून विणलेला, तो व्हिडिओ कॉलवर कायम खुर्चीच्या पाठीवर. विचारलं तर म्हणालास, घरात हीटर असतो, उकडतं. आठ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. पण चूक माझीच. एडिंबरोची थंडी ऐकली आणि विणत सुटले. तू दिवसभर कुठे बसतोस, वरून काय घालतोस, हे विचारलंच नाही. बिनबाह्यांचा, शर्टावर घालता येईल आणि वर कोट चढेल असा, हे तू बरोबर निवडलंस. कुलकर्णी काकूंना फोटो दाखवला. म्हणाल्या, मुलाला नजर आहे. मी म्हटलं, आहेच.

त्या फेअर आयल नावाच्या रंगीत नक्षीला मी भ्यायले होते, पण एका ओळीत दोनच रंग असतात हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. मागून जाणारा धागा तेवढा सैल ठेवायचा. ओढला गेला तर स्वेटर आखडतो, ताणतच नाही. तू पाठवलेल्या व्हिडिओतली अमेरिकन बाई तीन नंबरच्या सुया घ्या म्हणते. आपल्याकडे तीन नंबर म्हणजे लाटणंच! त्यांचा नंबर वाढेल तशी सुई जाड होते, आपला वाढेल तशी बारीक. नमुन्यावर सव्वातीन मिलिमीटर दिलंय म्हणून कळलं. ती आपली दहा नंबर.

आणि ते कात्रीचं! सबंध स्वेटर गोल सुईवर नळीसारखा विणायचा, मुंढ्याच्या जागी थोडे जादा टाके घ्यायचे, आणि मग विणलेल्यात मधोमध कात्री घालायची. माझी आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं. तरी शेखरकाकांबरोबर पाठवलेल्या शेटलंडच्या लोकरीचा वीतभर तुकडा गोल विणून पाहिला. बाबा म्हणाले, मी कापतो. मी दिलं नाही. डोळे बारीक करून स्वतःच कापला. एक टाका सुटला नाही रे. ही लोकर केसाळ, एकमेकीला चिकटून बसते. आपल्या ॲक्रिलिकला असं केलं असतं तर भुर्रकन उसवलं असतं. तो कापलेला तुकडा देवघराशेजारी ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

तो धुऊन, वाळवून मगच मोजला, कारण ही लोकर पाण्यात फुलते. दहा नंबरवर १० सेंटिमीटरमध्ये माझे २६ टाके बसतात. नमुन्यात २८ आहेत. दोन टाक्यांनी काय होतंय, असं तुला वाटेल. घेरात २८८ टाके आहेत. २८ ने १०३ सेंटिमीटर होतात, २६ ने १११. तीन इंचांचा फरक. टाके कमी करावेत तर नक्षी दर २४ टाक्यांनी परत येणारी, म्हणजे २४ गाळायचे, मधलं काही नाही. म्हणून सुई बदलायची. अकरा नंबरवर बरोबर २८ येतात, तेही करून पाहिलं.

आता बघ. ३७ छातीला शर्टासाठी साडेतीन इंच सैल धरलं की १०३ सेंटिमीटर होतात. आणि ४० छातीला तेवढंच सैल धरलं तर जवळजवळ १११. म्हणजे दहा नंबरवर विणला तर तू गेलास तेव्हाचा तू मावतोस, आणि अकरावर हा आत्ताचा. रात्री हा हिशेब सुटला आणि मला झोपच लागली नाही.

जळगावचं काढणार नाही असं ठरवलं होतं. तेव्हाही फोनवर तू मजेतच असायचास. बाबा न सांगता हॉस्टेलवर धडकले म्हणून कळलं. एडिंबरोत डाळ-तांदूळ मिळतात, तेव्हा ब्रेडवर राहू नकोस. पोहे भिजवायला किती वेळ लागतो? रात्री लॅबमधून येऊन नुसता चहा पिऊन झोपायचं हे काही... बरं, राहू दे. चोवीस वर्षांच्या मुलाला पोहे भिजवायला शिकवतेय. रागावू नकोस. तुझा पेपर छापून आला तो बाबांनी सगळ्यांना पाठवला, कोणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी अंगठे दाखवले.

शाळेतला हिरवा आठवतो का, व्ही गळ्याचा? दर दिवाळीनंतर बॉर्डर उसवून दोन इंच वाढवायचे. तू पायरीवर उभा राहून दोन्ही हातांत लडी धरायचास आणि मी गुंडा करायचे. मध्येच हात खाली टाकायचास. तेव्हा मापं घ्यावी लागायची नाहीत. कुशीत आलास की कळायचं.

तर एवढंच कर. सकाळी, शर्टावरून नाही, पातळ बनियनवरून, काखेखालून टेप फिरव. स्वतः मोजू नकोस, हात वर गेले की माप बदलतं. तुझ्या त्या रूममेटला धरायला सांग. टेपमध्ये दोन बोटं जायला हवीत. आणि फोटो पाठव. टेपचा नको, तुझा.

तळाची बॉर्डर बारा नंबरवर आहे, आणि पुढे दहा असो की अकरा, टाके तेवढेच. ती मी काल घातली. एक सुलट एक उलट, अडीच इंच. माझ्या हाताने रविवारपर्यंत होईल. दोन्ही सुया टेबलावर काढून ठेवल्यात.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, ३७ म्हणजे काही कमी नाही, त्यांची लग्नात ३६ होती. फोटो काढून पाहिला. होती खरी. तरी मोज.