दोन अपत्यांच्या कायद्यापेक्षा अंतराचे कार्ड बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकसंख्या नियंत्रणासाठी कायदा करा, अशी मागणी पुन्हा होते आहे. महाराष्ट्रात अट आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते. पण २००१ ते २०११ या काळात राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली ९१३ वरून ८९४ वर आल्या. मुलगाच हवा असलेल्या घरात 'दोनच' म्हटले की गदा दुसऱ्या मुलीवर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ होता, लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. सक्ती करायची ती कोणावर?

दिघा, तुर्भे, कळव्याच्या वस्त्यांत नको असताना दिवस जातात, त्याची कारणे फार साधी आहेत. सरकारी केंद्रात मोफत मिळणारे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ठरल्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत चालते, पुढे नाही. टोचलेली जागा चोळायची वा शेकायची नाही, औषध लवकर शोषले जाते. हे सांगायचे राहून जाते. मग पाळी लांबली किंवा अंगावर थोडे थोडे जात राहिले की बाई घाबरते आणि दुसरा डोस बुडवते. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठते, हा समज खोटा आहे. पहिल्या डोसआधी पाच मिनिटे बसून तो काढायला हवा. गावी जाणाऱ्या बाईने डोसच्या तारखांचे कार्ड सोबत न्यावे, डोस तिथल्या सरकारी केंद्रातही मिळतो.

'छाया' या गर्भनिरोधक गोळीचा घोळ वाराचा. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवारी आणि बुधवारी. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. सात दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि पुरुष? बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, माणूस चालत घरी जातो. पण पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. ती न करताच 'ऑपरेशन फेल गेले' म्हणतात आणि त्यात बायकोवर संशय घेतात, याची चीड येते. इतके असूनही शस्त्रक्रियेचा भार जवळजवळ सगळा बायकाच उचलतात.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ कुटुंबनियोजनाची ओपीडी चालवावी. धुणीभांडी करणारी बाई आणि नाक्यावरचा मजूर दुपारी दवाखान्यात येऊ शकत नाहीत, आले तर त्या दिवसाची मजुरी बुडते. अंतराच्या तारखेआधी आठवडाभर आशाताईंच्या हाती नावांची यादी द्यावी, आणि तारीख चुकलेल्या बाईला चौथा आठवडा उलटण्याआधी फोन जावा.

– कुटुंबनियोजन विभागातील एक निवृत्त परिचारिका, ऐरोली, नवी मुंबई