छताच्या रंगाचे पैसे बिलात दोनदा लावलेत, त्याबद्दल तक्रार

विषय : बेडरूमचं चुकीचं माप, त्यावर लावलेलं बिल आणि कस्टमर केअरचं वागणं

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय. तक्रार नंबर तुमच्याकडे आहेच, परत परत तोच सांगून मी दमले.

खोली 10 बाय 12, उंची 9 फूट. तुमचा माणूस लेझरचं मशीन घेऊन आला, लांबी घेतली, रुंदी घेतली, झालं. उंची घेतलीच नाही. कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही. मोबाईलमध्ये 120 टाकले, ॲपने त्याला साडेतीनने गुणलं आणि भिंती 420 स्क्वेअर फूट असं एस्टिमेट आलं. आणि त्याच्या खाली परत सीलिंग 120 वेगळं!

आता तुम्ही रंगाच्या धंद्यातले, तुम्हाला मी काय सांगणार, पण कार्पेट एरिया गुणिले साडेतीन हा जो अंदाज सगळे रंगारी धरतात त्यात भिंती आणि छत दोन्ही आलेलं असतं. मग छत परत वेगळं कसं लावता? एकाच छताचे दोनदा पैसे, ते पण मजुरीसकट.

मी स्वतः टेपने मोजलं. चारी भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले 9 म्हणजे 396. एकही दार खिडकी वजा न करता 396, तरी तुमचे 420! त्यातून खोलीचं दार 21, बाथरूमचं दार साडेसतरा, स्लायडिंग खिडकी 20, आणि भिंतीत बसवलेलं छतापर्यंतचं कपाट 7 बाय 9 म्हणजे 63, त्याच्या मागे तर ब्रश जातच नाही. राहिले पावणेतीनशे. खिडकीच्या आतल्या कडा धरल्या तर अजून पाच-दहा फूट धरा. तुमच्याच एस्टिमेटमध्ये दोन हाताला लिटरमागे 70 फूट धरलेत, म्हणजे 4 लिटरचा एक डबा आणि वर 1 लिटर, एवढ्यात खोली आरामात झाली असती. तुम्ही 10 लिटरची बादली पाठवलीत. शेड मशीनवर मिक्स करून आणलेली, त्यामुळे रिटर्न नाही म्हणे. दोन हात मारून झाले तरी निम्म्याहून जास्त बादली गॅलरीत पडून आहे.

आता आजचा फोन. हे सगळं मी त्या मुलाला शांतपणे सांगितलं, आकड्यांसकट. तो म्हणाला, मॅम सिस्टीम ऑटोमॅटिक कॅल्क्युलेट करते, त्यात चूक होत नाही. मी म्हटलं सिस्टीमला उंची कोणी सांगितली? गप्प. मग होल्डवर टाकलं, बराच वेळ तुमची जाहिरात ऐकवली, परत आला आणि म्हणाला उरलेला रंग टच-अपला वापरा. मी म्हटलं पाच-सहा लिटरचा टच-अप कुठे करू, आणि छताच्या डबल पैशांचं काय? तर म्हणतो, "मॅम, घरात कोणी सर आहेत का? त्यांना फोन द्या, मापाचं मी त्यांना समजावतो."

हे वाक्य परत वाचा. अहो मी ब्लाऊज शिवते, इतकी वर्षं बायका माझ्या मापावर विश्वास ठेवून महागातलं कापड देऊन जातात, अर्धा इंच चुकला तर मी पदरचं कापड घालून भरून देते. आणि मला मापाचं कळत नाही? मी विचारलं की सर कशाला पाहिजेत, हिशोबात कुठे चूक आहे ते मला सांगा. "मॅम तुम्ही समजून घेत नाही आहात" म्हणाला आणि फोन कट. हिशोबात चूक कुठे ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, कारण चूक नाहीच आहे.

गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा म्हटलं की आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून तुमचाच डबा येतो. दुकानदार दुसरी कंपनी स्वस्तात देत होता तरी आम्ही घेतली नाही, याचं आज खरंच वाईट वाटतंय.

मला पाहिजे ते असं. भिंतींचं बिल खऱ्या मापावर परत काढा, मजुरीसकट. छत एकदाच लावा, दोनदा नाही. जास्तीच्या रंगाचे पैसे परत द्या आणि बादली घेऊन जा. तुमच्या ॲपमध्ये उंची, दारं-खिडक्या आणि कपाट विचारायची सोय करा, कारण माझ्यासारखे किती जण न मोजता पैसे भरत असतील. आणि त्या फोनबद्दल लेखी माफी, ती मला, घरातल्या सरांना नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार, आणि तिथेही नाही झालं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाणार. एस्टिमेट, बिल, टेप लावलेल्या भिंतींचे आणि बादलीचे फोटो सोबत जोडलेत. फोन करू नका, काय ते लेखी कळवा.