त्या द्राक्षांना सडकी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला फ्रान्सच्या वाइनवरचा लेख वाचला. गारोन नदीकाठच्या बार्साक गावावर त्यात एकच ओळ आहे : 'इथे सडक्या द्राक्षांची गोड वाइन बनवतात.' ती वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी निफाड तालुक्यातली, तीस वर्षं द्राक्षबाग करते. मुलगा नोकरीनिमित्त बोर्दोला असतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी जाऊबाईंवर सोपवून त्याच्याकडे गेले होते. तिथून बार्साक आगगाडीने अर्ध्या तासावर. तोडणी चालू आहे म्हटल्यावर मी चार दिवस सलग गेले.

आमच्याकडे पहाटे धुकं उतरलं की पोटात गोळा येतो. डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने उजाडायच्या आत फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढायचा. बार्साकला मात्र लोक धुक्याची वाट बघतात! सिरों नावाची लहानशी नदी दाट झाडीच्या सावलीतून गार पाणी घेऊन येते आणि तिथे गारोनच्या उबदार पाण्याला मिळते. त्यातून शरदात पहाटे धुकं धरतं. दुपारी ऊन पडलं की विरतं. ओलीने बोट्रायटिस बुरशी धरते, उन्हाने ती आटोक्यात राहते. मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पडून पाणी उडून जातं, आत साखर दाट होते. धुकं दिवसभर हटलं नाही, तर हीच बुरशी सगळा माल कुजवते.

सेमियों जातीचा एक घड मी हातात धरून पाहिला. वरचे मणी सोनेरी, टणक. मधले तपकिरी. खालचे मनुक्यासारखे सुकलेले, वर राखाडी लव. तोडणाऱ्या बाईने फक्त ते खालचे मणी कात्रीने काढले, बाकी घड वेलीवर ठेवला. काही दिवसांनी ती त्याच वेलीकडे परत येणार, त्यानंतर पुन्हा एकदा. आम्ही विरळणीला धरतो तशीच तिची कात्री, बोटं तशीच चिकट. एक घड तिने नाकाशी नेला आणि खाली टाकून दिला. मी वाकून वास घेतला, व्हिनेगरचा होता. सडकं द्राक्ष ते! ते पाटीत जात नाही.

मी माळकरी आहे, वाइन चाखली नाही. पण तो सुकलेला मणी तोंडात टाकला. आधी मध, मग जर्दाळू, शेवटी संत्र्याच्या सालीसारखी चव. रस आंबताना यीस्ट दमतं आणि साखर शिल्लक राहते. ती गोडी या मण्यांची असते.

हिशेबही सांगते. माझ्या एकरात दहा टन माल निघतो. तिथे नियमानेच हेक्टरी 25 हेक्टोलिटरच्या वर जाता येत नाही, म्हणजे एकरी हजार लिटर वाइन. शेजारच्या सोतेर्नमधल्या इकेम या नामांकित बागेने तर 2012 साली माल मनासारखा आला नाही म्हणून आपली गोड वाइन बाजारात आणलीच नाही. तेवढं वर्ष सोडून द्यायला काय छाती लागते, ते अवकाळीत बाग गेलेल्या माणसाला कळतं.

पुढच्या रविवारी ती ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक